तिसरा आग्रह

लिंडवॉल गावाला गर्व एकाच गोष्टीचा आहे. आपल्याला कशाचाच गर्व नाही, याचा!

मिनेसोटातल्या त्या बर्फाळ कोपऱ्यात आपली टिमकी आपण वाजवणं हे चोरीच्या खालोखाल पाप समजतात. मागच्या हिवाळ्यात एकाने गोठलेल्या तळ्याला भोक पाडून असा मासा काढला, की तो दारातून आत घ्यायला दोन माणसं लागली. बायकोने विचारलं, "मिळालं का काही?" तर हा म्हणतो, "हो, एक. आज उपाशी नाही राहणार." बस्स! एवढंच!

कर्टिस हॉगस्टाड अशा गावात बेचाळीस वर्षं वाढलेला माणूस. बर्फ उडवायची यंत्रं आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. साठ-साठ मैलांवरून लोक मेलेली इंजिनं घेऊन यायचे आणि जिवंत करून न्यायचे. कुणी म्हटलं, "कर्टिस, जादू आहे रे तुझ्या हातात," तर तो लाजून बुटाच्या टोकाने जमीन उकरायचा आणि म्हणायचा, "जमतं थोडंफार."

अशा माणसाच्या घरी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शाळा-मंडळाचं पत्र आलं. 'सिग्ने हॉगस्टाड, इयत्ता तिसरी. विशेष बुद्धीच्या मुलांच्या वर्गासाठी निवड झालेली नाही.'

हा वर्ग दर बुधवारी दुसऱ्या शाळेत भरायचा, म्हणून गावात त्याला नुसतंच 'बुधवारचा वर्ग' म्हणत. ऑक्टोबरमध्ये तिसरीच्या सगळ्या मुलांना तो एकदा दाखवून आणला होता. तिथली मुलं मे महिन्यात एक मोठा फुगा सोडणार होती, कॅमेरा बांधून, पार आकाश काळं दिसतं तिथपर्यंत! त्या दिवसापासून सिग्नेच्या खोलीच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लागला होता. वारा अमुक दिशेने असला तर फुगा कुठे पडेल, तमुक असला तर कुठे, अशा पेन्सिलीच्या रेघांनी तो भरून गेला होता. एक रेघ थेट शेजारच्या व्हर्नाबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर संपत होती.

सिग्नेने पत्र वाचलं. नऊ वर्षांची पोर, नाकावरून घसरणारा चष्मा, काखेत कायम एक वही. ती म्हणाली, "ठीक आहे."

आता हे समजून घ्या, की लिंडवॉलमध्ये 'ठीक आहे' याच्यापेक्षा भयंकर शब्द नाही. पाय मोडला तर माणूस 'जरा दुखतंय' म्हणतो. 'ठीक आहे' म्हणाला, की समजावं, जग बुडालं. सिग्ने आत गेली, भिंतीवरचा नकाशा काढला, गुंडाळला, त्याला रबर लावलं आणि पलंगाखाली सरकवला. कर्टिसने ते दारातून पाहिलं.

"मी बघतो," तो बायकोला म्हणाला. "इंजिन बंद पडतं, तेव्हा सगळं इंजिन नाही बिघडत. कुठलातरी एक नट सैल झालेला असतो. शोधायचा आणि आवळायचा. आठवड्याचं काम!"

जोलीनने पत्रासोबतचा गुणांचा कागद वाचला, आणि नट तिला अर्ध्या मिनिटात सापडला.

"कर्टिस, परीक्षेत तिचे फक्त दोन गुण कमी आहेत. तेवढं चालतं, असं लिहिलंय इथे. आपण बुडालोय ते पालकांच्या फॉर्ममध्ये. एक ते पाच गुण द्यायचे होते मुलाला. वीस प्रश्न. वीसच्या वीस प्रश्नांना तीन कुणी लिहिले?"

"मी."

"सगळे तीन?"

"मग काय पाच लिहू? लोक काय म्हणतील!"

"लोक कशाला वाचतील तो फॉर्म?"

"लिहिताना आपल्याला तर दिसतं ना!" कर्टिस म्हणाला. "आणि तीन काय वाईट आहेत? तीन म्हणजे चांगलंच. पास्टरांच्या प्रवचनालाही मी मनात तीनच देतो, आणि मला ते फार आवडतात."

"आणि इथे विचारलंय, 'मुलात काही असाधारण दिसतं का?' तू लिहिलंस, 'जेवण नीट करते.'"

"करते की!"

जोलीनने कागद टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून दहा आकडे मोजले. सिग्नेच्या बाई मिस क्विस्ट, त्यांनीही सगळे तीनच दिले होते. गावातल्या गावात ते चाललं असतं. आजवर चाललंच होतं, कारण मंडळात बसलेला माणूसही इथलाच असायचा आणि तीन दिसले की पाच वाचायचा. पण ऑगस्टमध्ये त्या खुर्चीवर डॉक्टर पेट्रीना ग्रॅनाटो नावाच्या बाई आल्या होत्या. त्या न्यू जर्सीच्या. तिकडे तीन म्हणजे तीन!

अपील करायला दहा दिवस होते. मुलीला ओळखणाऱ्या तिघांची पत्रं जोडायची, आणि मग पालकाने समोर बसून तोंडाने सांगायचं, की माझं मूल विशेष का आहे.

पत्रं कर्टिसने दोन दिवसांत गोळा केली. कुणी नाही म्हणालं नाही. लोकांनी अगदी मनापासून लिहिलं. मिस क्विस्ट यांनी लिहिलं, 'सिग्ने वर्गात असते. तिचा मला काही त्रास नाही. याहून वाईट मुलं मी पाहिली आहेत.' हे लिहिताना बाईंचे डोळे भरून आले होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकं भरभरून त्यांनी कुणाबद्दल लिहिलं नव्हतं! पास्टर रूड यांनी लिहिलं, 'डिसेंबरमध्ये सिग्नेने चर्चचा ऑर्गन उघडला. आता तो वाजतो. तक्रार नाही.' आणि व्हर्नाबाईंनी लिहिलं, 'ही मुलगी माझ्या दारातला बर्फ काढते. तिरका काढते. का ते मला माहीत नाही, पण पुन्हा साचत नाही.'

"कशी आहेत?" कर्टिसने अभिमानाने विचारलं. म्हणजे, जवळजवळ अभिमानाने.

"आपल्याला रडू येईल अशी आहेत," जोलीन म्हणाली. "आणि त्या जर्सीवाल्या बाईला वाटेल, पोरीवर पोलिसात तक्रार आहे. तेव्हा आता सगळं तुझ्या तोंडावर आहे. कर्टिस, तुला बढाई मारावी लागेल."

इथेच घोडं पेंड खायला लागलं.

"म्हण माझ्यामागून. माझी मुलगी हुशार आहे."

"माझी मुलगी... तशी..."

"'तशी' नको!"

"माझी मुलगी हु... हु..." कर्टिसला ठसका लागला. कान लाल झाले. जोलीनने पाणी दिलं, पाठीवर थापट्या मारल्या. तिसऱ्या प्रयत्नाला तो 'हुशार'पर्यंत पोचला, पण लगेच म्हणाला, "असं इतर लोक म्हणतात." मग कबूल केलं, की अजून तसं कुणीच म्हणालेलं नाही.

समोर माणूस असलं की जमणार नाही, हे ओळखून तो दुसऱ्या दिवसापासून गॅरेजमध्ये एकटा सराव करू लागला. दार बंद, समोर बर्फ उडवायचं जुनं यंत्र. पहिल्या दिवशी तो यंत्राकडे बघून 'बरी आहे' म्हणाला. दुसऱ्या दिवशी 'चांगली आहे.' तिसऱ्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, आतलं काहीतरी सुटलं आणि कर्टिस गरजला, "माझी मुलगी अलौकिक आहे! तिच्यासारखी या जिल्ह्यात दुसरी नाही! ऐकलंत का? दुसरी नाही!"

यंत्राने ऐकलं. आणि बाहेर, धुतलेला केकचा डबा परत द्यायला आलेल्या व्हर्नाबाईंनीही ऐकलं. त्यांनी डबा हळूच बर्फावर ठेवला आणि चवड्यांवर चालत घरी परत गेल्या.

"कर्टिस गॅरेजमध्ये एकटाच ओरडतोय," त्यांनी फोनवर बहिणीला सांगितलं.

"दारू?"

"त्याहून वाईट गं. मुलीचं कौतुक करतोय!"

"अरे देवा! मोठ्याने?"

"मोठ्याने!"

लिंडवॉलमध्ये कुणाच्या घरी मरण किंवा मोठं आजारपण आलं, की शेजारी हॉटडिश घेऊन येतात. काचेच्या मोठ्या ट्रेमध्ये खिमा आणि मशरूमचं सूप, वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांचं छप्पर. पुढच्या बुधवारी संध्याकाळपर्यंत हॉगस्टाडांच्या घरी असे सात ट्रे आले! कुणी काही विचारलं नाही, कारण विचारणं बरं दिसत नाही. दार उघडलं की लोक ट्रे हातात द्यायचे, आपल्याच बुटांकडे बघायचे, "थंडी आहे," म्हणायचे आणि जायचे.

"हे काय चाललंय?" जोलीन म्हणाली. फ्रीज भरला, म्हणून तीन ट्रे बाहेर बर्फात पुरले होते. "कोण मेलंय आपल्याकडे?"

गुरुवारी पास्टर रूड आले. सोफ्यावर बसून पाऊण तास बर्फाबद्दल बोलले. सत्तराच्या दशकातल्या बर्फाबद्दलही बोलले. निघताना त्यांनी कर्टिसचं कोपर धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कर्टिस, काही सांगायचं असेल तर सांग बाबा. डोक्यावर ताण येतो कधीकधी माणसाच्या."

"छे छे पास्टर," कर्टिस म्हणाला. "ठीक आहे सगळं."

पास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी आठवा ट्रे आला.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला सुनावणी होती. शाळा-मंडळाचं ऑफिस वीस मैलांवर. पारा उणे वीसच्या खाली. कर्टिसने लग्नातला कोट घातला होता. सिग्ने मागच्या सीटवर वही घेऊन बसली होती, आणि शेजारी तो नकाशा होता, रबर न काढलेला. कशाला आणलास असं कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आत एकाच पालकाने यायचं होतं. जोलीन बाहेर बाकावर बसली. ग्रॅनाटोबाईंनी ऑफिसातसुद्धा दोन स्वेटर आणि मफलर घातला होता. टेबलावर कॉफीचं भांडं आणि कुणी हात न लावलेल्या बिस्किटांची बशी. त्यांनी तीन पत्रं एकापाठोपाठ एक वाचली, आणि मग त्या कर्टिसकडे अशा बघत राहिल्या, जणू बिचाऱ्याचं कसं होणार!

"बाळ," त्या सिग्नेला म्हणाल्या, "तू गणितात कशी आहेस?"

"ठीकठाक," सिग्ने म्हणाली.

"आणि विज्ञानात?"

"वाईट नाही."

"मिस्टर हॉगस्टाड," बाईंनी चष्मा काढला. "मी सरळ बोलते, राग मानू नका. हिच्या बाई म्हणतात, त्रास नाही. पास्टर म्हणतात, तक्रार नाही. तुम्ही म्हणता, तीन. आता ती स्वतः म्हणते, वाईट नाही. कागदावर मला एक साधीसुधी मुलगी दिसते. तुम्हाला काय दिसतं?"

कर्टिसने तोंड उघडलं. "तशी..." तो म्हणाला आणि थांबला. गॅरेजमध्ये पाठ केलेलं सगळं उडून गेलं होतं. त्याची नजर सिग्नेच्या मांडीवरच्या त्या गुंडाळीवर गेली. दोन्ही हातांनी तिने ती घट्ट धरली होती.

"मला काय दिसतं ते सांगू?" कर्टिस उठून म्हणाला, आणि त्याचा आवाज वाढला. "ही सहा वर्षांची असताना दुकानात बसून रंगवत होती. मी एक इंजिन चालू केलं. हिने मान वर न करता सांगितलं, बाबा, दुसरा सिलिंडर मुका आहे. मुकाच होता! मला शोधायला तास लागला असता! चर्चचा ऑर्गन नऊ वर्षं बंद होता, शिकागोहून माणूस आला आणि डोकं खाजवत परत गेला. हिने तो आइस्क्रीमच्या काडीने वाजता केला! तुमचा तो फुगा कुठे पडेल ते हिने ऑक्टोबरपासून मांडून ठेवलंय, बावीस वाऱ्यांसाठी! आयुष्यभर मी इंजिनं उघडत आलोय, बाई. पण हिच्या डोक्यात काय चालतं ते बघायला मला झाकणच सापडत नाही! मी तीन लिहिले, ते माझं चुकलं. मी भेकड आहे. पाचात नाही बसत ही. तुमचे पाच कमी पडतात!"

तो खाली बसला. कोटाच्या आत घामाने भिजला होता. छप्पर कोसळलं नाही, हे बघून त्याला आश्चर्य वाटलं. सिग्ने तोंड उघडं टाकून बापाकडे पाहत होती, जणू हा माणूस तिने आजच पाहिला.

ग्रॅनाटोबाईंनी नाक पुसलं. "मग हे आधी का नाही लिहिलंत, भल्या माणसा? हे असं बोला ना माझ्याशी! बस्स, झालं. एक जागा शिल्लक आहे. तुमच्या मुलीला देते."

आणि कर्टिसला इतकं हलकं वाटलं, इतका सुटल्यासारखा आनंद झाला, की बेचाळीस वर्षांची सवय आपोआप तोंडातून बाहेर पडली.

"अहो नको नको," तो हसून म्हणाला. "कशाला उगाच!"

आता लिंडवॉलमध्ये कुणी कॉफी पुढे केली, तर माणूस म्हणतो, नको. घ्या हो, म्हटलं, की म्हणतो, नको, निघालोच. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की मग म्हणतो, बरं, तुम्हाला त्रास नसेल तर अर्धा कप. आणि तीन कप पितो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस गावाने अजून पाहिलेला नाही.

"नको?" ग्रॅनाटोबाई चमकल्या. "नक्की?"

"हो हो. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल. आमचं काय, चालतं."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "बरं," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमची इच्छा. मी कुणाच्या मुलाला जबरदस्तीने घेत नाही."

आणि त्यांनी फाईल बंद केली!

कर्टिस हसत बसून राहिला. तिसरा आग्रह आता येईल, मग येईल. बाईंनी पेनाला टोपण लावलं. दिवा बंद केला. कोट चढवला. टोपी चढवली. कर्टिस अजून हसतच होता, पण आता कपाळावर घाम होता.

"अजून काही?" बाईंनी दारातून विचारलं.

"नाही," कर्टिस म्हणाला. "जरा बसलोय."

बाहेर जोलीन उभी राहिली. "काय झालं?"

"दिली जागा," कर्टिस म्हणाला.

"दिली!"

"दोनदा दिली."

जोलीन याच गावची होती. तिला क्षणात सगळं कळलं. "आणि तिसऱ्यांदा?"

कर्टिस बुटाच्या टोकाने फरशी उकरू लागला.

"कर्टिस! ती बाई जर्सीची आहे! हातातोंडाशी आलेला घास तू नको नको म्हणून परत पाठवलास? जा मागे, सांग, हवी आहे म्हणून!"

"असं कसं सांगू? मागून घेतल्यासारखं दिसेल!"

"अरे, अपील म्हणजे मागणंच असतं! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही!"

"ठीक आहे," सिग्ने म्हणाली.

दोघंही वळले. सिग्ने नकाशा काखेत मारून गाडीकडे चालू लागली होती.

बाहेर मोकळ्या जागेत दोनच गाड्या उरल्या होत्या. दुसरीच्या आत ग्रॅनाटोबाई बसल्या होत्या आणि किल्ली फिरवत होत्या. टिक. टिक. टिक. गाडीच्या नाकाखाली इंजिन गरम ठेवायची वायर लोंबत होती. खांबावर प्लग होता. दिवसभरात ती वायर त्यात खोचायला हवी, हे बाईंना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

कर्टिसचे पाय आपोआप तिकडे वळले. अडकलेल्या गाडीला विचारायचं नसतं, सांगायचं नसतं, नुसतं जायचं असतं. आपली गाडी शेजारी आणून त्याने डिकीतून बॅटरी जोडायच्या केबल काढल्या, दोन्ही बॉनेट उघडली, चिमटे लावले, कान देऊन ऐकलं, कुठेतरी एक चापट मारली. गाडी खोकली आणि सुरू झाली.

बाईंचं नाक टमाट्यासारखं लाल झालं होतं. काच खाली करून त्या म्हणाल्या, "देवासारखे आलात! मी काय करू तुमच्यासाठी? काहीतरी करू द्या मला!"

"नको नको!" कर्टिस म्हणाला.

पलीकडच्या गाडीत जोलीनने कपाळ डॅशबोर्डवर आपटलं.

"नाही, खरंच सांगा ना. काहीही!"

"अहो काही नको!"

"विचित्र माणूस आहात बाबा तुम्ही," ग्रॅनाटोबाई म्हणाल्या आणि काच वर करू लागल्या.

काचेवर टकटक झाली. खाली सिग्ने उभी होती, हातात वही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही दर वेळी एकाने कमी पडता."

"कशाला कमी पडते?"

सिग्नेने वही काचेतून आत दिली. वर लिहिलं होतं 'नको', आणि खाली पानंच्या पानं आखलेले रकाने. तारीख, वस्तू, देणारा, घेणारा, किती वेळा नको, मग हो. तीनशे बारा नोंदी.

"कॉफीला तीनदा विचारायचं," सिग्ने सांगू लागली. "लिंबाच्या वडीला दोनदा. पण बशीतली शेवटची वडी असेल तर ती कुणीच घेत नाही, अर्धी करतात. मग अर्ध्याची अर्धी. अकरा जानेवारीला चर्चमध्ये एक वडी सहा वेळा अर्धी झाली. उरलेला चौसष्टावा भाग पास्टरांनी खाल्ला, कुणी बघत नसताना. आजारपणात मदत करायची असेल तर विचारायचंच नाही, ट्रे द्यायचा. गाडी ढकलायला शून्य. आज वर्गाची जागा, तुम्ही दोनदा विचारलंत. आत्ता उपकार, तेही दोनदा. दोन्ही अपुरे."

ग्रॅनाटोबाईंनी हातमोजा काढला आणि पानं उलटायला सुरुवात केली. इंजिन चालू होतं, हीटर चालू होता, तरी त्या गारठल्यासारख्या बसून होत्या.

"हे तुला कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही. लोक 'नको' म्हणतात आणि त्यांना हवं असतं. कधी हवं असतं ते मला कळत नव्हतं. म्हणून मोजलं."

"देवा रे!" बाई म्हणाल्या. "ऑगस्टपासून माझ्याकडे जो येतो त्याला मी कॉफी विचारते. प्रत्येक जण नको म्हणतो. मला वाटायचं, या लोकांना मी आवडत नाही!"

"तुम्ही एकदाच विचारत असाल," सिग्ने म्हणाली.

बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग वही मिटून त्यांनी सिग्नेकडे वळून विचारलं, "बाळ, तुला तो वर्ग हवा आहे का?"

सिग्नेने तोंड उघडलं. ओठांवर 'न' आलेला कर्टिसने स्पष्ट पाहिला. शेवटी पोर लिंडवॉलचीच! सिग्नेने तोंड मिटलं आणि बापाकडे पाहिलं.

"बाबा, पहिल्यांदाच हो म्हटलं तर चालेल का?"

"चालेल," कर्टिस म्हणाला. "या वेळी चालेल."

"हो!" सिग्ने ओरडली. तिचं 'हो' समोरच्या गोदामावर आपटून परत आलं.

"आणि वडिलांची सही लागते," ग्रॅनाटोबाई म्हणाल्या. "मिस्टर हॉगस्टाड, तिसऱ्यांदा विचारते. हवी आहे जागा?"

"म्हणजे," कर्टिस म्हणाला, "तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर..."

"हे काय आहे?" बाईंनी सिग्नेला विचारलं.

"हे हो आहे," सिग्ने म्हणाली.

परतीच्या वाटेवर एकदा मागून रबर सुटल्याचा आवाज आला, आणि मग नकाशा उलगडल्याचा. कर्टिसने आरशात पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर गाडी बाजूला घ्यावी लागली असती. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्याने जोलीनला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात आठ ट्रे धुऊन घरोघरी परत करायचे होते. व्हर्नाबाईंनी दार उघडलं.

"बरं वाटतंय का आता, कर्टिस?"

"मला काही झालं नव्हतं. सिग्नेला बुधवारच्या वर्गात घेतलं."

व्हर्नाबाईंनी विचार केला. "म्हणजे गॅरेजमधलं ते सगळं खरं होतं?"

"थोडंफार," कर्टिस म्हणाला.

"हं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "वाईट नाही." आणि दार लावून घेऊन त्यांनी बहिणीला फोन लावला. दुपारपर्यंत सगळ्या गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. पास्टरांनी तर ऑर्गनवर एक गाणं जास्तीचं वाजवलं, आणि ते का, ते कुणाला सांगितलं नाही.

मार्चच्या पहिल्या बुधवारी सिग्ने बसमधून परत आली ती एक कागद घेऊन. नवा वर्ग, नवा फॉर्म. पालकांनी भरायचा. वीस प्रश्न, एक ते पाच.

कर्टिस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. त्याने बाह्या वर केल्या, पेन्सिल घेतली. पहिला प्रश्न, 'कुतूहल'. त्याने एकदा खिडकीतून बाहेर बघून घेतलं, कुणी नव्हतं, आणि ठसठशीत पाच लिहिले! हॉगस्टाड घराण्यातले पहिले पाच!

सिग्ने खांद्यामागे येऊन उभी राहिली. तिने त्या आकड्याकडे पाहिलं. मग खिशातून खोडरबर काढलं.

"बाबा, पुसू का?"

"नको," कर्टिस ठामपणे म्हणाला.

"पुसते ना."

"नको म्हटलं ना!"

सिग्नेने चष्मा वर सरकवला. "तिसऱ्यांदा विचारते. पुसू?"

कर्टिसने फॉर्मकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, खोडरबराकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "तुला फार त्रास होणार नसेल तर... चार कर."